गिरधरच्या नावाचे पाणी

१६ एप्रिल १९९२, देवपूर, धुळे

आज कॉलेजात संग्रहालयाचा राखणदार म्हणून हजर झालो. बोदवडहून रेल्वेने जळगाव, तिथून एस.टी.ने धुळे. अंग शेकून निघाले, पण आल्या आल्या माठातले ताक मिळाले. प्राणिशास्त्राचे चुडामण सर भले वाटले. संग्रहालयामागची खोली मला दिली आहे. पंखा चालतो, खिडकीशी कडुनिंब आहे. बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागले.

संग्रहालयात साप, घोरपडी, एक धनेश आणि मधोमध आबा. हे नाव पोरांनी ठेवलेले. आबा म्हणजे खोल समुद्रातला माकूळ, दहा हातांचा, सोळा फुटांचा. असला प्राणी क्वचितच जाळ्यात येतो. सरांच्या ओळखीने तो अरबी समुद्रातून इथवर आला आणि काचेच्या टाकीत, फॉर्मालिनमध्ये निजला. डोळा ताटलीएवढा. शिपाई हिलाल म्हणाला, नाना, आपल्या नळाला चौथ्या दिवशी पाणी आणि हा गडी बारा महिने डुंबतो; पुढचा जन्म त्याचाच मागा. मी हसलो.

२२ एप्रिल

काम सोपे आहे. टाकीवर लाल रेघ आहे, पातळी तिच्याखाली गेली की सरांना सांगायचे. सुट्ट्या लागल्याने कोणी येत नाही. दुपारी आबासमोर स्टूल टाकून बसतो.

माझा मुलगा गिरधर बोटीवर खलाशी होता. दोन वर्षांपूर्वी त्याची बोट याच समुद्रात बुडाली. प्रेत मिळाले नाही, म्हणून दहावा नाही, तेरावा नाही. त्या पाण्यातून आलेला आणि माझ्या हाताशी असलेला हा आबाच तेवढा आहे. त्यासाठीच शाळेतली नोकरी सोडून इथे आलो. हे कोणाला सांगितलेले नाही.

पत्नी वच्छला पिंप्राळ्यात भावाकडे असते. तिने अक्षय तृतीयेच्या घागरीबद्दल पत्र लिहवून धाडले आहे. आखाजीला त्यानी घागर भरू नका, मना पोऱ्या जित्ता शे, असे निक्षून कळवले आहे.

५ मे, आखाजी

घागर भरली. गेलेल्याच्या नावाने आज नवी घागर भरतात, वर खरबूज ठेवतात, नाव घेऊन उंबऱ्यावर पाणी सोडतात. म्हणजे तो पिऊन तृप्त होतो. दोन वर्षे वच्छलाचे ऐकले, पण तहानलेले पोर डोळ्यांसमोरून हलत नाही. समुद्रात गेलेल्याला उंबऱ्यावरचे पाणी कसे पोचणार? टाकीचे झाकण सरकवले आणि तीन ओंजळी आबाच्या अंगावर सोडल्या. तीनदा गिरधरचे नाव घेतले. घागर तिथेच ठेवली. मन हलके झाले.

८ मे

घागर रिकामी. फरशी कोरडी, घागरीला चीर नाही. पुन्हा भरली, जेवून येईतो रिकामी. गिरधर पितो आहे असे वाटले आणि रडू आवरेना. आज चार वेळा भरली.

११ मे

टाकीतली पातळी रेघेच्या वर चार बोटे चढली आहे. त्या तीन ओंजळींनंतर मी थेंबही घातलेला नाही. हिलाल बघून म्हणाला, आबानी कूस बदली लिधी, नाना, आणि हसला. मग जवळ गेला आणि त्याचे हसणे थांबले. भिंतीकडचा डोळा आता घागरीकडे आहे. हिलाल रजा टाकून गावी गेला. सर म्हणाले, बंद खोलीत फॉर्मालिनचा वास डोक्यात जातो, दोन दिवस तिकडे फिरकू नका.

१४ मे

पिंप्राळ्याहून तार आली. गिरधर जिवंत आहे. परदेशात तुरुंगात होता, बोटीने मुंबईला आला, काल घरी पोचला. भेटेल त्याला पेढे दिले. मग संग्रहालयाला कुलूप लावायला गेलो. सकाळी भरलेली घागर रिकामी होती.

मग हे पाणी कोण —

१५ मे

शेजाऱ्यांच्या फोनवर वच्छला बोलली. पोराची तहान भागत नाही. हंडाभर पितो, ओठ तसेच फाटलेले. डॉक्टर सलाईन लावतात, ते कुठे जाते कळत नाही. कधीपासून, विचारले. बोटीवर असतानाच लागली, म्हणाली. आखाजीपासून.

घागर भरल्याचे तिच्यापासून लपवले.

१६ मे

घागर फोडली. तरी पातळी चढते आहे. त्याच्या नावाचे पाणी टाकीतले हे पिते. जिवंत पोराला मी मेल्यांत मोजले. काचेवर डोके टेकून नाव परत मागितले. डोळा आता माझ्याकडे आहे.

१७ मे, सकाळ

पोराची नाडी लागत नाही. पुन्हा वच्छलाचा फोन. तुम्ही काय करं, खरं सांगा, एवढेच पुन्हा पुन्हा विचारत होती. मी फोन ठेवला.

एकच सुचते. त्याचे नाव सुटायचे तर दुसरे द्यावे लागेल.

दुपार

नवी घागर आणली. पहिली ओंजळ, माझे नाव. पातळी थांबली.

दुसरी ओंजळ. उतरते आहे — एक बोट, दोन — तिकडे पोराच्या घशात उतरत असेल. उतरू दे —

तोंड कोरडे. लोटाभर प्यालो, लागत नाही — तिसऱ्यांदा नाव घ्यायचे आहे, जीभ टाळूला चिकटली — आवाज नाही —

वही काचेला धरतो. त्याला दिसते. लिहितो.

माझे नाव अभिमन सुक