बावन्न किलो

प्रिय काडीपैलवान,

तुझा मेसेज मिळाला, व्हिडिओही मिळाला. व्हिडिओ मी किती वेळा पाहिला ते सांगत नाही, उगाच शेफारशील. तुझे तीन प्रश्न होते. तेरा वर्षं म्हणजे व्यायामशाळेत यायला पुरेसं वय आहे का? वजनं उचलली की उंची खुंटते असं बाबा म्हणतात, ते खरं का? आणि बावन्न किलो उचलायला किती दिवस लागतील? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. तिसऱ्याकडेही येईन, पण माझ्या चालीने. घाईत असलेल्या माणसाला मी मुद्दाम थांबवून ठेवते, हे तुझी आईसुद्धा तुला सांगेल.

आधी उंचीचं. तुझ्या बाबांच्या डोक्यात हे कोणी भरवलं देव जाणे. शिकवणारं माणूस समोर असेल आणि वजन बेताचं असेल, तर तुझ्या वयाच्या मुलीची उंची व्यायामाने खुंटत नाही. तुझ्या बाबांनी जन्मात वजनं उचलली नाहीत, तरी ते माझ्या खांद्यालाच लागतात. हे त्यांना सांगायचं नाही. पण त्यांची भीती अगदीच बिनबुडाची नाही. तुझी हाडं अजून वाढताहेत आणि ज्या टोकांपासून ती वाढतात, तो भाग नाजूक असतो. झेपत नाही ते हिसका मारून उचललं, किंवा उचलताना कंबर पिळली, की तिथे आणि मणक्याला इजा होऊ शकते. म्हणजे व्यायाम वाईट नाही, घाई वाईट.

माझी व्यायामशाळा तू लहानपणी पाहिली होतीस, तुला आठवत नसेल. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान, वर आमचा लांबट हॉल. वर कोणी वजन आपटलं की खालचा दुकानदार पान्याने छत ठोकतो, म्हणून आमच्याकडे वजन आपटायची बंदी आहे. संध्याकाळी तुझ्या वयाची मुलं येतात. पहिल्या दिवशी सगळ्यांचे डोळे भिंतीकडच्या लोखंडावर असतात आणि मी त्यांच्या हातात झाडूचा दांडा देते. नुसता दांडा. तो धरून खाली बसायचं, उठायचं, पाठ सरळ, टाचा जमिनीला. मुलांची तोंडं अशी काही पडतात की विचारू नकोस. गेल्या वर्षी एक मुलगी आली होती, तिला मी तोफ म्हणते, कारण ती बोलायला लागली की समोरच्याचा निभाव लागत नाही. पैसे झाडू मारायला भरले नाहीत, असं तिने मला तोंडावर ऐकवलं. मी म्हटलं, बरोबर आहे, पण दांडा वाकडा धरतेस, परत कर. काही आठवडे ती धुसफुसत राहिली. आज ती नव्या मुलांना दांडा देते आणि माझ्यापेक्षा जास्त ओरडते.

तुझंही तसंच होईल. आधी स्वतःच्याच शरीराचं वजन. उठाबशा, भिंतीला हात टेकून जोर, मग जमिनीवरचे. ते नीट जमले की हलकं वजन, असं की दहा-पंधरा वेळा उचलून झाल्यावरही आणखी दोनदा सहज उचलता यावं. पद्धत बिघडली की तिथेच थांबायचं, मग आकडा कितीही जवळ असो. श्वास कोंडून धरायचा नाही, उचलताना सोडायचा. आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा, आणि मध्ये एक दिवस पूर्ण विश्रांती, कारण अंगात ताकद येते ती विश्रांती घेताना. डब्यातल्या पावडरींच्या नादी लागायचं नाही. पोटभर जेवायचं आणि भरपूर झोपायचं. जास्तीत जास्त किती उचलता येतं हे बघायची परीक्षा तुझ्या वयात नाहीच, मी कोणालाही करू देत नाही. तोफेलाही नाही.

तुझी आई या बाबतीत माझ्या हाताखाली कधी टिकली नसती. धाकटी असून पंजा लढवायला ती माझ्यासमोर बसायची, माझ्या मनगटाचा जोर तिच्या दुप्पट, तरी जिंकायची तीच. ऐन रंगात आली की असा काही चेहरा करायची की मला हसू आवरेना आणि माझा हात टेबलावर. ही लबाडी आहे म्हणून मी आरडाओरडा करायचे आणि ती म्हणायची, ताई, नियमात हसवायचं नाही असं कुठे लिहिलंय? तिचं ते मोठं आजारपण झालं, पाय साथ देईनासे झाले, तेव्हा दवाखान्यात मी तिला पहिल्यांदा काहीच न बोलता पडलेली पाहिलं. तो दिवस मला फार जड गेला. आता ती पुन्हा टोमणे मारते, तेव्हा मला बरं वाटतं.

आता तुझ्या व्हिडिओकडे येते. तुझी तयारी दाखवायला तू पाण्याचा भरलेला कॅन उचललास. मुलं असा कॅन गळ्याला धरून ओढतात. तू तसं केलं नाहीस. एक पाय पुढे सरकवलास, गुडघा कॅनला टेकवलास, दोन्ही हात मागून घेऊन बोटं एकमेकांत अडकवलीस आणि कॅन छातीशी धरलास. उचलल्यावर पाय न हलवता कंबरेतून डावीकडे वळलीस आणि खुर्चीवर हळूच ठेवलास, त्याला लागेल की काय अशा काळजीने. उचलायच्या आधी तुझे ओठ हलले. आवाज मोठा केला तेव्हा ऐकू आलं: एक, दोन, तीन. बाळा, पाण्याच्या कॅनला कोणी एक, दोन, तीन सांगत नाही. तसं माणसाला सांगतात.

मग मला तुझ्या तिसऱ्या प्रश्नातला आकडा खटकला. मुलं पन्नास म्हणतात, शंभर म्हणतात. बावन्न आजवर कोणी म्हटलेलं नाही. मागच्याच महिन्यात तुझी आई मला फोनवर कुरकुरत होती, ताई, बसून बसून बावन्न किलोची झालेय बघ. आणि तू मेसेजच्या शेवटी सहज लिहिलं होतंस की सकाळी कंबर जरा धरते, पण चालतं ना तेवढं? नाही चालत. मांड्या भरून येणं वेगळं आणि कंबर धरणं वेगळं. बाबा उजाडायच्या आत कामावर जातात, मदतीच्या बाई येतात तोवर तुझी शाळा भरलेली असते. मधल्या वेळात आईला बाथरूमपर्यंत कोण नेतं, हे आम्हा मोठ्यांपैकी कोणी विचारलंच नाही. आम्ही धरून चाललो की होतंय काहीतरी.

मी तुझ्या आईला फोन केला. तू शाळेत असशील अशी वेळ पाहून केला. आधी ती माझ्यावरच उखडली, मी घरात नाक खुपसते म्हणाली. मग सगळं सांगितलं. मदतीच्या बाई पूर्वी लवकर यायच्या, त्यांच्या घरची वेळ बदलली, आणि बाबांना काळजी नको म्हणून तुम्ही दोघींनी ते आपसातच ठेवलं. पहिल्या दिवशी तूच पुढे झालीस आणि तिला दुसरा काही मार्ग दिसला नाही. तू तिला एकदाही पडू दिलं नाहीस, हे सांगताना तिचा आवाज बदलला. तू चुकलीस असं आम्हा दोघींपैकी कोणालाच वाटत नाही. मला तुझा इतका अभिमान वाटतो की लिहिताना लाज वाटते. पण माणूस हे वजन नव्हे. माणूस मध्येच घसरतं, घाबरून गळ्याला मिठी मारतं, आणि ते रोज उचलायला तुझा मणका अजून तयार नाही. माझ्या हाताखाली शिकून तू दोन वर्षांनी बावन्न किलो उचलशीलही. तरी आईला उचलायचं काम तुझं नसेल.

काल बाबांना सगळं कळलं, आईनेच सांगितलं. ते आधी रडले आणि मग साहेबांकडे पाळी बदलून मागायला गेले. ती बदलेपर्यंत सकाळचं काम माझ्याकडे. तोफेच्या आईने हॉलच्या चाव्या घेतल्यात, मी रविवारी बॅग घेऊन येते. येताना झाडूचा दांडा आणते, तुझ्या कंबरेवर डॉक्टर काय म्हणतात ते ऐकून मगच तो तुझ्या हातात देईन. हे सगळं मला फोनवरही सांगता आलं असतं. पत्र लिहायला तुझ्या आईने सांगितलं. तुझ्या तोंडाकडे बघून हे बोलणं तिला जमणार नाही म्हणाली, आणि तुझ्या शाळेतल्या खेळाच्या बाई माझ्या जुन्या विद्यार्थिनी, म्हणून त्यांच्या हातून हे तुला पोचतं आहे. सोमवारी सकाळी तू सवयीने पलंगापाशी जाशील, वाकशील, एक, दोन, तीन म्हणशील. आई तुझ्या गळ्यात हात घालणार नाही. ती रागावलेली नसेल, तुझ्या हातून काही चुकलेलंही नसेल. तिने ते ठरवलंय आणि ते पाळणं तिला फार अवघड जाणार आहे, तेव्हा तू हट्ट करू नकोस. मला हाक मार, तिच्या गालाला गाल लाव, आणि परत जाऊन शाळेची वेळ होईपर्यंत झोप.

तुझीच वजनदार
मावशी