नंतर जुळतं म्हणतात

गंगाखेड, ६ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस,
अपेक्षाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू नुसतं हो हो करतेस, म्हणून पत्र. गुडघ्याला तेल लावायलीस ना?

साखरपुड्याचे फोटो गावभर दाखवायलीस म्हणे. आजी, जरा थांब. काल योगीराजनं मला नदीच्या घाटावर बोलावलं. त्याचं दुसऱ्या मुलीवर मन होतं, अजूनही आहे. जातीवरून तिच्या घरच्यांनी तिचं लग्न दुसरीकडं लावून दिलं. आता त्याची आई लय आजारी आहे, तिला डोळ्यांदेखत सून बघायचीय, म्हणून तो तयार झाला. तुला फसवून न्यायचं नाही, म्हणाला. या खरेपणानं तो मला जास्तच आवडायला लागला, काय करू?

मम्मी म्हणते, नंतर जुळतं, आजीचं नाही का जुळलं? गोदा आजी वारल्यावर पप्पांना सांभाळायला तू बहिणीच्या नवऱ्याशी लग्न केलंस. खरं सांग, जुळतं ना? तू हो म्हणालीस तर मी करते.

माया असू दे.
तुझी अपेक्षा

चारठाणा, ११ नोव्हेंबर

चि. अपेक्षास, आजीचे अनेक आशीर्वाद.

तेल लावते, पर गुडघा ऐकत न्हाई.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अक्का गेली तवा तुझा बाप रांगत व्हता. माझ्याच कडेवर गप व्हायचा. आमचे वडील म्हणाले, परकी आणण्यापरीस मावशीच बरी. लग्नाला एवढं कारण पुरलं, मला कुणी इचारलं न्हाई. त्याचं मला दुःख न्हाई. तुझ्या बापानं मायेत काही कमी केलं न्हाई.

तुझे आजोबाही वाईट नव्हते. कधी आवाज चढवला न्हाई. पर मी वाट बघत ऱ्हायले. वाटायचं, लेकरू मोठं झालं की माझ्याकडं बघतील. मग वाटायचं, त्याचं लगीन झालं की बघतील. शेवटच्या दुखण्यात एकदा त्यांनी माझा हात धरला आन् म्हणाले, "गोदा, जेवलीस का?"

मी म्हणलं, "जेवले."

इतक्या मायेनं त्यांनी मला कधीच इचारलं नव्हतं. चुलीपाशी जाऊन रडले. हे आजवर कुणाला सांगितलं न्हाई.

बाई, माझ्या लग्नात एक लेकरू तरी व्हतं. योगीराजची माय उद्या गेली, तर तू कुणासाठी त्या घरात ऱ्हाशील? त्या पोराला बोल लावू नको. तुझं तू ठरव, पर माझं बघून करू नको. माझं जुळलं न्हाई.

हाय तेवढी माया तुझीच.
आजी मनकर्णा

गंगाखेड, १९ नोव्हेंबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

योगीराजला नाही म्हणून सांगितलं. वाटलं होतं, थांब म्हणेल. तो म्हणाला, "उपकार झाले तुझे." त्याच्या तोंडावरचं ओझं उतरताना मला दिसलं. ते दिसायला नको होतं, आजी.

त्याच्या आईला मीच जाऊन भेटले. आमचं काय चुकलं, असं तिनं विचारलं. तिच्या पाया पडून मी निघाले.

मम्मी बोलत नाही. आजीनं काय लिहिलं, असं पप्पांनी विचारलं. तब्येत बरी आहे, एवढंच सांगितलं. तुझं पत्र माझ्यापाशीच राहील.

शनिवारच्या एसटीनं येते. इथं सगळे समजूत घालायलेत, दुसरं स्थळ बघू म्हणायलेत. तुझ्यापाशी रडले तर का रडतेस ते सांगावं लागणार नाही.

येईपर्यंत जपून राहा.
तुझीच,
अपेक्षा