नव्या गाडीला शिस्त लावणे

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा. दुपारी ४.
गाडी आली. सात सीटा, रंग पांढरा. गल्लीतली पहिलीच. शेजारच्या धम्मानंदकडे पाच सीटांची आहे, ती मी मोजत नाही.
शोरूमचा सेल्समन पाऊण तास बटणं समजावत होता. पाचव्या मिनिटाला थांबवलं. तेहेतीस वर्षं नोकरी, त्यात चौदा वर्षं हेडमास्तर. शिकवण्याचं काम माझं. लायसन्स १९९३ पासून आहे. गाडी नव्हती, एवढंच.
उद्देश लिहून ठेवतो. अक्षय्य तृतीयेला लेक मनू बाळाला घेऊन लातूरला सासरी जाणार, ती आमच्या गाडीतून आणि गाडी मी चालवणार. लग्नात व्याही शरणप्पा चारचौघांत म्हणाले होते, "अण्णाराव, गाड्यांचं आमच्याकडं लागलं. तुम्ही निस्ते या." हे 'निस्ते' तीन वर्षं झाली, घशाखाली उतरलेलं नाही.
सीटांवरचं प्लास्टिक काढायचं नाही. मनू बसेल त्या दिवशी तिच्याच हातून काढायचं. तोवर कुणी नखही लावू नये, असं घरात जाहीर केलं. सौ. चंद्रप्रभा म्हणाली, "उन्हाळा हाय वो." दुर्लक्ष केलं.

३१ मार्च, सोमवार.
पट्टा लावला नाही की गाडी किंचाळते. फाटकातून बाहेर काढेपर्यंत तीन शेजारी गॅलरीत. माझ्या शाळेत एवढा आवाज करणारा दिवसभर वर्गाबाहेर उभा राहत असे.
ठराव : गाडीला शिस्त लावणे. मुदत एक आठवडा.

२ एप्रिल, बुधवार.
पट्ट्याच्या खाचेत बसवायची एक लोखंडी क्लिप मिळते. ती लावली की गाडीला वाटतं, पट्टा लागला. मोहियोद्दीनच्या दुकानात गेलो. सीट कव्हर, हॉर्न, आरसे, सगळं त्याच्याकडे. माझ्या शाळेतला विद्यार्थी, दोनदा नववीत. म्हणतो, "सर, वो क्लिप मैं नै बेचता. पट्टा लगाओ ना, क्या जाता तुमारा?" नववीत दोनदा बसलेल्या माणसाने मला सांगावं.
दुसऱ्या दुकानातून आणली. गाडी गप्प. इतक्या सहज फसते म्हणजे अक्कल बेताचीच दिसते.
जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताहात पट्ट्याच्या महत्त्वावर मीच चाळीस मिनिटं बोललो होतो. ते विद्यार्थ्यांसाठी होतं.

५ एप्रिल, शनिवार. दुपारी १.
सीटमधून गार हवा येते असं माहितीपत्रकात छापलं आहे. येत नाही. पाठ भिजली, शर्ट प्लास्टिकला चिकटला, उतरताना फाटला. शोरूमला फोन. पलीकडची बाई विचारते, "सर, सीटवरचं प्लास्टिक काढलंय का?" म्हणजे चूक आमची! फोन ठेवला.
दोन पानी तक्रार लिहिली. शुद्धलेखन तीनदा तपासलं. नक्कल फायलीला लावली.

९ एप्रिल, बुधवार.
गाडी खोटं बोलते. पुढे रस्ता मोकळा, तरी 'अडथळा, अडथळा' म्हणून टुंटुं. विष्णुपुरीपर्यंत टुंटुं, परत येताना टुंटुं. पडद्यावर आणखी एक पिवळी ओळ, की समोरचा कॅमेरा आंधळा झाला आहे.
नाइलाजाने मोहियोद्दीनकडे. त्याने बंपरसमोर लोंबणारं लिंबू-मिरची आणि काळी बाहुली सोडून हातात दिली. काचेवरचा कुंकवाचा स्वस्तिक पुसला. म्हणे, "सर, गाडीके आँख में कुंकू डाले तुमी, फिर बोलते इसको दिखता नै." टुंटुं बंद झालं. योगायोग.
घरी येऊन बाहुली परत बांधली. दृष्ट माझ्या गाडीला लागते, त्याच्या दुकानाला नाही.

१३ एप्रिल, रविवार.
दुपारी उठलो तर ही जागेवर नाही. गाडीत सापडली. चष्मा लावून गाडीचं पुस्तक वाचत होती, पान १४६. मागच्या दाराचं बालकुलूप कुठे असतं ते मला दाखवू लागली. मी म्हटलं, पुस्तक वाचून गाडी येत असती तर ग्रंथपाल रेसमध्ये उतरले असते. पुस्तक कपाटात ठेवलं. लोक किल्ली जानव्याला बांधतात, पण जानवं आमच्यात नसतं. किल्ली करगोट्याला.

१५ एप्रिल, मंगळवार.
सेवानिवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर गंभीर माहिती आली. चोर भिंतीबाहेर उभे राहून गाडीच्या किल्लीचा सिग्नल चोरतात. उपायही दिलाय : किल्ली धातूच्या डबीत ठेवणे. हिंगाची स्टीलची डबी रिकामी करून घेतली. हिने हिंगासकट भांडण काढलं.
दुसरी किल्ली बँकेच्या लॉकरमध्ये. धम्मानंद त्याच बँकेत आहे, त्यानेच लॉकर उघडून दिला. "सर, घरात ठेवा की, लागली तर?" असं तो म्हणाला. दूरदृष्टी सगळ्यांना नसते.

१९ एप्रिल, शनिवार.
मनूने बाळासाठी खास सीट मागवली. मी म्हटलं, आपल्या घरात लेकरं मांडीवर बसून प्रवास करतात. तू मांडीवरच वाढलीस. ती म्हणाली, "आपल्याकडं गाडीच कुठं होती, बाबा?" लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवू लागली, तेव्हापासून उलट बोलायची सवय लागली आहे.
सीट बसवायला घेतली. सव्वादोन तास. बनवणाऱ्यांनी अडकवायचे आकडे उलट्या बाजूला दिले आहेत. पाठ धरली. ही आली, चार मिनिटांत दोनदा 'टक' असा आवाज आणि सीट घट्ट. पाया मी तयार करून ठेवला होता म्हणून.
मग मनूला ती क्लिप दिसली. काढून माझ्या हातावर ठेवली. "तुम्ही पट्टा लावला तरच मी अपूला घेऊन बसते. न्हाईतर श्रीनाथला बोलावते." श्रीनाथ म्हणजे जावई. मी मान हलवली. कोणत्या दिशेने ते तिने नीट पाहिलं नाही.

२४ एप्रिल, गुरुवार.
सराव म्हणून एकटाच उमरीपर्यंत. पांढरी पट्टी ओलांडली की ही गाडी स्टेअरिंग आपणहून ओढते. मीही ओढलं. शेवटी मीच जिंकलो. एका ठिकाणी बांधापर्यंत गेलो, पण जिंकलो.
घरी आलो तर शरणप्पांचा फोन. "अण्णाराव, ऊन लई हाय. गाडी धाडून देऊ का?" म्हटलं, आमच्याकडे सात सीटांची आहे. त्यांनी लगेच बाळाची चौकशी सुरू केली. बरं वाटलं.

२७ एप्रिल, रविवार. संध्याकाळी ६.
आज रंगीत तालीम ठेवली होती. सविस्तर लिहितो, कारण घरात उलटसुलट बोललं जात आहे.
अकरा वाजता एसी लावून गाडी गार केली, मग डिझेल वाया जातं म्हणून बंद केली. किल्ली डबीत, डबी बाळाच्या पिशवीत, पिशवी गाडीत. मनूने अपूला सीटमध्ये बसवून पट्टे लावले. दुधाची बाटली राहिली म्हणून ती आत गेली. तेवढ्यात धम्मानंद फाटकाशी आला. मी त्याला दाखवलं की या गाडीचे सगळे दरवाजे एका बटणात बंद होतात. आतलं बटण दाबलं आणि माझं दार बाहेरून लावलं.
झाले बंद. सगळे. बटण उत्तम चालतं.
किल्ली आत आहे हे गाडीला कळायला हवं होतं. मोहियोद्दीन फोनवर म्हणाला, किल्ली आत असली की ही गाडी लॉकच होत नाही, पण डबी स्टीलची, म्हणून तिला कळलं नाही. "सर, मैं निकला, लेकिन बीस मिनट लगते. काच फोडो अब्बी." म्हणजे शिस्त मोडली ती गाडीनेच, असा मी अर्थ लावतो.
लॉकरमधली किल्ली आणायला धम्मानंदला सांगितलं. तो म्हणाला, "सर, आज रविवार."
अपू रडू लागली. बाहेर बेचाळीस होतं. मी परिस्थिती हाताळत होतो. गाडीच्या कंपनीचा नंबर लावला होता, एक दाबा, दोन दाबा चाललं होतं. एवढ्यात ही स्वयंपाकघरातून खलबत्त्यातला बत्ता घेऊन आली. मी तिला थोडं थांबवू पाहिलं, कारण काच हाताला लागू शकते. तिने ऐकलं नाही. ड्रायव्हरची काच. चार दणके. हात घालून दार उघडलं आणि मागे जाऊन बाळाला बाहेर काढलं.
बाळाला काही झालेलं नाही, हे ठळक लिहितो. लाल झाली होती, घामाने निथळत होती. डॉक्टरांकडे नेऊन आणलं, ठीक आहे. सगळं मिळून पाच मिनिटं. धम्मानंद नऊ म्हणतो. बँकेतल्या माणसाला घड्याळ कधी कळलंय?
ठराव : डबी बंद.

२८ एप्रिल, सोमवार.
मोहियोद्दीनने तुटक्या खिडकीला पॉलिथिन चिकटवून दिलं. काच हैदराबादहून येणार, आठ दिवस. मी म्हटलं, परवा लातूरला जायचंय. तो म्हणाला, "नक्को सर. बच्ची को लेके नक्को." सगळेच मला गाडी चालवायला शिकवून राहिले आहेत.
मनू माझ्याशी बोलत नाही. थकली असेल. बाळंतपणानंतर असं होतं.

२९ एप्रिल, मंगळवार.
श्रीनाथ येतोय. उद्या सकाळी, शरणप्पांची गाडी घेऊन. मला हे चंद्रप्रभेकडून कळलं. मनूने परवाच फोन केला होता म्हणे.
मनूला मला त्रास द्यायचा नसणार. फुटक्या खिडकीची गाडी घेऊन वडील उन्हात साडेतीन तास चालवणार, तर कुठल्या मुलीला बरं वाटेल? समजूतदार आहे. शेवटी माझीच मुलगी.
तरी सकाळी गाडी धुतली. पॉलिथिनसुद्धा पुसलं. ऐन वेळी मन बदललं तर हाताशी तयार असलेली बरी.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया. दुपारी ३.
मनू गेली.
श्रीनाथ नऊला आला. गाडी साधी, पाच सीटांची. आमच्या गाडीतली बाळाची सीट हिनेच काढून त्यांच्या गाडीत बसवली. पुन्हा दोनदा टक. पुरणपोळी झाली, आमरस झाला. हिने ओटी भरली. शरणप्पांनी माझ्यासाठी लातूरहून शाल पाठवली होती, या उन्हाळ्यात. घडी न मोडता कपाटात ठेवली.
मनू पाया पडायला वाकली तेव्हा मी म्हटलं, बेटा, लॉकचं झालं ते झालं, असं कुणाकडूनही होतं. तिने लगेच मान्य केलं. म्हणाली, "हाव बाबा. लॉकचं कुणाकडूनबी होतं. त्याचा मला राग न्हाई. मी बाटली घेऊन दारात उभी होते. अपू आत रडून राहिली होती. आईनं बत्ता उचलला आन् तुम्ही तिचा हात धरलात. दोन्ही हातांनी. 'काच, काच' म्हणून राहिला होतात." एवढं बोलली आणि गाडीत जाऊन बसली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं. चौदा वर्षं मी तेच केलं.
श्रीनाथने पट्टा लावला, मनूने लावला, अपूचे पट्टे तपासले. गाडी वळून गेली. मी हात हलवला. मागच्या काचेतून कुणी पाहिलं का, ते उन्हामुळे दिसलं नाही.
जेवताना हिला सांगितलं की तुझ्या हाताला लागेल म्हणून मी हात धरला होता. ती "हो" म्हणाली. पोळीवर तूप वाढलं. तिच्या मनगटावर माझ्या उजव्या हाताच्या बोटांचे निळे वळ आहेत, चार एका बाजूला आणि एक दुसऱ्या. बांगड्या वर सरकवल्या तरी झाकत नाहीत. मनू पाया पडत होती तेव्हाही ते दिसत असणार, श्रीनाथलाही दिसले असणार.
ही वही कुणी वाचत नाही, म्हणून लिहितो. हाताला लागेल हे मला त्या संध्याकाळी वहीत लिहिताना सुचलं. त्या वेळी मी काचेसाठीच धरला होता.