खाणीपुढचं वळण

तीर्थरूप बाबांना नमस्कार,

पत्र आईकडून वाचून घ्या. डोळ्याच्या ऑपरेशनला अजून महिनाही झालेला नाही.

मी मजेत आहे. आमच्या कंट्रोल रूममध्ये भिंतभर नकाशा आहे. हायवेवर कुठे दरड पडली, गाडी उलटली की तिथे लाल ठिपका लागतो आणि मी जवळची क्रेन पाठवते. जेवण वेळेवर होतं, बहुतेक दिवशी.

तुम्ही या रस्त्यावर ट्रक चालवायचात तेव्हा म्हणायचात ना, खाणीपुढच्या वळणावर सकाळी धुकं बसतं? ती जागा मी नकाशावर टाकली. तिथे तोवर एकाही अपघाताची नोंद नव्हती, म्हणून सगळ्यांनी माझी चेष्टा केली. मीही हट्टाला पेटले आणि तिथे 'हळू चालवा' अशी दिव्यांची पाटी लावून घेतली.

मंगळवारी सकाळी त्याच वळणावर दुधाचा टँकर आडवा झाला. मागच्या अकरा गाड्या पाटी बघून आधीच हळू झाल्या होत्या. टँकरवाल्यासकट कुणाला साधं खरचटलंही नाही.

साहेबांनी त्या पाटीची नोंद उघडली. 'माहिती कुणी दिली' या रकान्यात मी 'बाबा' असं लिहिलं होतं. म्हणाले, "या बाबांना आणखी किती वळणं ठाऊक आहेत?"

तेव्हा आठवतील तशी आईला सांगा, ती लिहून घेईल. खात्री करायला म्हणून गाडी मात्र काढायची नाही.

तुमची थोरली

ता. क. आई, एवढं मोठ्याने वाचू नकोस. गाडीच्या चावीची जागा बदल. पिठाच्या डब्यामागची त्यांना सापडलीय, फोनवर बोलून गेले.