आपाचा नंबर

रुकय्या आपा, सलाम.

दर मे महिन्यात आंब्याची सांदणं उकडली की मी पनवेलहून आणि तू कराचीहून फोनवर आपापली ताटं दाखवायचो. गेल्या वर्षी लढाई पेटली आणि कुणी फोन तपासेल म्हणून मी मेलीने तुझा नंबर ब्लॉक केला. घरात विषय निघाला तेव्हा ब्लॉक लेकाने, माजने केला असं सांगितलं.

शनिवारी युद्धबंदी झाली. म्हटलं, चार दिवस जाऊ देत. बुधवारी तू गेलीस. तुझा लेक सांगत होता, अम्मी शेवटपर्यंत तुम्हालाच मेसेज पाठवत होती.

आज युद्धबंदीला वर्ष झालं. सांदणांचा फोटो काढला, धीर करून तुझा नंबर अनब्लॉक केला. तुझा एकही मेसेज आला नाही. माज म्हणाला, "अम्मी, ब्लॉक असताना पाठवलेलं नंतर कधीच येत नाही."

तुझी धाकटी,
कुलसुम