जगूची दाढी

चि. सौ. शालूस नर्मदेच्या काठाहून सासूचा आशीर्वाद.

आमी दोघं धडधाकट हाय. जगूचा पाय सुजला होता, तो उतरला. परिक्रमेत वस्तरा लावायचा नाय, म्हणून तुझ्या नवऱ्याची दाढी छातीला टेकलीय. अर्धी खिचडी तीच खाते.

वाडीतल्या केळींना टेकू दिलेस का? पोरं भांडतात का?

काल एका गावात जेवायला बसलो. वाढणारी म्हातारी जगूला म्हणाली, "बाबा, परत आलास? मागं न सांगता गेलास." मी म्हटलं, "बाई, हा माझा पोर, पहिल्यांदाच आलाय." ती ऐकेना. "हाच तो. ताटात मीठ वेगळं मागायचा." जगूचा मिठासाठी पुढं केलेला हात तसाच राहिला.

तुझे सासरे तुझ्या लग्नाच्या कितीतरी आधी याच परिक्रमेला निघाले ते आलेच नाय. शेवटी आपल्या गावात, घिवलीत, गवताचा पुतळा जाळला नि मी कुंकू पुसलं. बोईसरला गाडीत बसले तेव्हा त्यांचे गाल गुळगुळीत होते. दाढीतलं त्यांचं तोंड मी कधी बघितलं नाय. त्या म्हातारीनं बघितलंय.

आता जगू पुढं चालतो नि मी मागं. त्यानं वळून बघितलं की मी खाली बघते.

काळजी करू नको. परिक्रमा पुरी झाली की आधी न्हावी, मग गाडी. पण माझ्याशिवाय कुणी दाढीवाला एकटाच दारात आला, तर घाईनं पाणी देऊ नको. आधी पोरांची नावं विचार. तुझ्या सासऱ्यांना ती ठाऊक नाय.

पोरांना माझा मुका.

तुझी सासू