बाबांच्या कानात घत्तास

ऐन अल-लोझ,
शनिवार, ९ ऑगस्ट

लाडक्या घत्तास,

आम्ही तिघं बरी आहोत. आईला विचारशील तर, "देवाची कृपा, गुडघे सोडून सगळं उत्तम." जर्दाळू यंदा भरभरून आले. मुरंब्याच्या दोन बरण्या आणि झातर मसाल्याची पिशवी तुझ्यासाठी बांधून ठेवली आहे. आपली मावसबहीण नजला सोमवारी मॉन्ट्रियलला परत निघते, तिच्या सामानातून हे पत्रही येईल. जनरेटरवाला हन्ना दिवसाला सहाच तास वीज देतो आणि वर उपकार केल्यासारखा मिशीला पीळ देतो. म्हणजे गावात नवीन काही नाही.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर आई शेजारी असते आणि तू मला अर्ध्यावर तोडतोस. कागदाला तोडता येत नाही. फाडता येतो, आणि तुझा स्वभाव पाहता तू फाडशीलही, पण शेवटपर्यंत वाच आणि मग फाड.

बाबांच्या फेब्रुवारीतल्या झटक्याचं आईने तुला सांगितलं. डावा हात सुधारला, कॉफीचा कप उचलतात, हेही सांगितलं. जे सांगितलं नाही ते असं, की त्यांचे शब्द उशिरा येऊ लागले. मीठ मागायचं असलं तर अडचण नाही, पण कवनांच्या फडावर उशीर चालत नाही. समोरच्याने कवन टाकलं की झीलकरी त्याचा शेवटचा चरण तीनदा आळवतात, आणि तिसऱ्यांदा संपायच्या आत उत्तर यायला हवं. चाळीस वर्षांत बाबांनी झीलकऱ्यांना दोनदासुद्धा नीट म्हणू दिलं नव्हतं. या ईस्टरला झीलकऱ्यांनी पाच वेळा म्हटलं. पाच वेळा! मी पहिल्या रांगेत होते, माझेच कान जळत होते. शेवटी समोर बसलेल्या अबू नायफने स्वतःच एक सोपं कवन टाकलं, शाळेतल्या पोराला टाकावं तसं, आणि बाबांनी ते उचललं. त्याने चांगुलपणानेच केलं. बाबांना तो चांगुलपणा थोबाडीत बसला.

त्यानंतर ते घराबाहेर पडेनात. डफ कपाटावर गेला. आई म्हणाली, "चाळीस वर्षं याला गप्प बस म्हणून ओरडले, आता गप्प बसलाय तर मला घास गिळवत नाही."

आता माझं ऐक. मे महिन्यात मी बाबांच्या जुन्या कॅसेटी काढल्या. एकूण बासष्ट होत्या. शाळा सुटली की बसायचं आणि उतरवायचं. तू वाचायचास त्या उद्याच्या जगाच्या भयंकर कादंबऱ्या आता मी अकरावीच्या मुलींना शिकवते, हे तुला कळलं तर तू खुर्चीवरून पडशील. त्याच मुलींनी मला फोनवर कविता करणारं यंत्र कसं वापरायचं ते दाखवलं. मी त्यात बासष्ट कॅसेटी ओतल्या. पहिल्या आठवड्यात त्याने अशी कवनं केली, की हन्नाचा जनरेटर त्यापेक्षा ताला-सुरात वाजतो. मग हळूहळू त्याला वळण लागलं. बाबांचं श्रवणयंत्र फोनला जोडता येतं. पुढचं तुझ्यासारख्या हुशार माणसाला सांगायला नको.

मार इलियास संताच्या जत्रेच्या आधी मी बाबांना म्हटलं, "अडलात तर कानात कोणी तरी पुढचं सांगेल. बसा तुम्ही फडावर."

"नाटकात पडद्यामागून सांगतात तसं?"

"तसंच."

"कोण सांगणार? तू? तुला यमक आणि जमाखर्च यातला फरक कळत नाही."

"मी नाही. आहे एकजण."

एवढंच बोलले मी. यंत्र म्हटलं असतं तर त्यांनी श्रवणयंत्रच विहिरीत टाकलं असतं. ते म्हणाले, "डफ काढून ठेव."

जत्रेला सगळा गाव चौकात होता. पहिली दोन कवनं बाबांनी स्वतःच परतवली, उशीर झाला तरी परतवली. तिसऱ्याला अबू नायफने गळा साफ केला आणि बाबांचं नाव घेऊन टाकलं:

थकला घोडा, झिजली नाल, चढ पुढे अवघड फार,
मिल्हेम, आता खाली उतर, तरुणांना होऊ दे स्वार.

झीलकऱ्यांनी एकदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं. बाबांचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. मग मी त्यांना दचकलेलं पाहिलं. त्यांनी कानाला हात लावला. मान वळवून मागे पाहिलं, कोणी उभं असल्यासारखं. आणि तिसरी आळवणी संपायच्या आत त्यांचा तो जुना, दरी ओलांडणारा आवाज लागला:

घोडा कुठला दारी आमच्या? झरीफा खेचर लंगडं;
रडत चढलं, पडत चढलं, पण घरी आणली लाकडं!

चौक नुसता उसळला. म्हाताऱ्यांनी ग्लास आपटले. झरीफा, घत्तास! आपली लंगडी झरीफा! तू बारा-तेरा वर्षांचा असताना बाबा जेवणाच्या टेबलावर तुला कवनं टाकायचे, आणि विषय प्रेमाचा असो की युद्धाचा, तुझ्या उत्तरात झरीफा यायचीच. बाबा चिडायचे, "अरे, राजाच्या दरबारात खेचर कशाला आणतोस?" तू म्हणायचास, "राजाला लाकडं नकोत का?" अशा काही दुपारी कोणी तरी टेप चालू ठेवला होता. बासष्ट कॅसेटींतल्या तीन तुझ्या आहेत. मला त्या वगळता आल्या असत्या.

त्यानंतर बाबा अडलेच नाहीत. कानातलं किती आणि त्यांचं स्वतःचं किती, मला सांगता येणार नाही. फड संपल्यावर ते उभे राहिले, हात वर केला आणि म्हणाले, "लोकहो, टाळ्या मला नकोत. आज या कानात माझा मुलगा बसला होता. माझा घत्तास."

बायका रडल्या. आई माझ्याकडे बघत होती, मी जमिनीकडे. अबू नायफ टेबलाला वळसा घालून आला आणि बाबांना कवटाळून म्हणाला, "चोरा! दोघं मिळून एकट्या म्हाताऱ्यावर तुटून पडलात होय रे? असा मुलगा असता तर मीसुद्धा बहिरा झालो असतो."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. घरी जाताना सांगू, म्हटलं. घरी गेल्यावर बाबांनी तुझी खुर्ची पुसून टेबलाला लावली. मग सकाळी सांगू, म्हटलं. आज वीस दिवस झाले.

इथपर्यंत वाचून तू म्हणशील, ठीक आहे, म्हाताऱ्याचा गैरसमज झाला, त्यात ताईचा काय दोष. थांब. बाबांना तुझा भास का झाला, ते मी अजून सांगितलेलं नाही. झरीफा हे अर्धंच कारण. यंत्राने विचारलं होतं, आवाज कोणता हवा. तू आईला दर रविवारी पाठवतोस ते बोललेले निरोप मी त्यात घातले. बाबा बिचकू नयेत, ओळखीचा आवाज असावा, एवढाच हेतू, असं मी स्वतःला बजावलं. खोटं बोलले स्वतःशी. अकरा वर्षं तुझा निरोप वाजू लागला की बाबा उठून अंगणात जातात आणि खिडकीखाली उभे राहतात. हे मला ठाऊक होतं. मला तो आवाज त्यांच्या कानात घालायचा होता. ते उठून जाऊ शकणार नाहीत, असा.

आणि जत्रेनंतर मी तो बंद केला नाही.

दुपारी द्राक्षांच्या मांडवाखाली बाबा कॉफी घेऊन बसतात आणि कानाशी बोलतात. "जेवलास का, बाबा?" त्यांच्या तोंडून तुझ्यासाठी 'बाबा' मी अकरा वर्षांनी ऐकलं. बापाने पोराला बाबा म्हणायचं, या आपल्या रीतीवर तू लहानपणी हसायचास. मी स्वयंपाकघरात टोमॅटो चिरत असते, फोन शेजारी असतो, दोघांचं बोलणं त्यावर उमटत जातं. यंत्र गोड बोलतं. तुझ्यापेक्षा गोड, खरं सांगायचं तर. कधी वैतागत नाही, घाईत नसतं, बाबांची तीच गोष्ट चौथ्यांदा ऐकून घेतं. बाबा इतके खूश असतात, की मी रोज ठरवते आणि रोज टोमॅटो चिरत राहते.

त्या कादंबऱ्यांबद्दल मुलींनी मला विचारलं होतं, "मिस, त्या लेखकांना आधीच कसं कळलं?" बरंच कळलं होतं त्यांना. भिंतींना कान, गाणी पाडणारी यंत्रं, माणसांना न विचारता ठरवलेलं सुख. पण त्या सगळ्या पुस्तकांत यंत्र वरून येतं, सरकारकडून, बूट वाजवत. थोरली बहीण पर्समधून आणून ते मायेने बापाच्या कानात बसवेल, हे मी तरी कुठे वाचलं नाही. पुस्तकं जाळणारेही तिथे गणवेशातले असतात. आपल्याकडे ते काम बाबांनी केलं.

आता खरं सांगायचं ते. चार पानं मी याच्याभोवती फिरते आहे.

मंगळवारी दुपारी बाबा यंत्राशी जे बोलले, ते फोनवर उमटलं. मी पुसलेलं नाही. जसंच्या तसं उतरवते:

"बाबा, ऐक. तुझी पुस्तकं मी जाळली. अरकाच्या दारूभट्टीला लाकडं नव्हती, असं मी सगळ्यांना सांगितलं. लाकडं होती. कोठार भरलं होतं. तू अबू नायफसमोर म्हणालास ना, की वीस वर्षांत एक डबा माझ्यापेक्षा चांगली कवनं करेल? मला राग आला नव्हता, बाबा. मला भीती वाटली. खरंच होईल असं वाटलं. भीती वाटली म्हणून जाळली. त्या वर्षीचा अरक मी कोणाला पाजला नाही, तळघरात तसाच आहे. मला माफ कर."

आणि यंत्र तुझ्या आवाजात म्हणालं, "मी तुमच्यावर कधीच रागावलो नव्हतो, बाबा."

माझ्या हातातली सुरी खाली पडली. ज्या शब्दासाठी तू अकरा वर्षं थांबलास, तो बाबांनी शेवटी उच्चारला, आणि ऐकायला तू नव्हतास. मी होते, आणि एक डबा होता. आणि काय उत्तर दिलं त्याने! तू रागावला होतास. आजीच्या मयताला आला नाहीस इतका रागावला होतास. तो राग तुझा होता. तो पुसून टाकायचा अधिकार त्या डब्याला कोणी दिला? मीच दिला.

त्याच संध्याकाळी मी आईला सगळं सांगितलं. ती भेंडी खुडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

"कसं?"

"माझा घत्तास 'आई कुठे आहे' असं विचारल्याशिवाय दोन वाक्यं बोलत नाही. याचं सगळं बोलणं तुझा बाप मला रोज सांगतो. इतक्या दिवसांत याने एकदाही माझं नाव काढलं नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तो हसत होता गं," ती म्हणाली, आणि पुढची भेंडी खुडायला घेतली.

परवापासून मी यंत्र बंद केलं आहे. बाबांनी विचारलं, तेव्हा घत्तास कामात आहे, म्हटलं. हे शेवटचं खोटं. ते म्हणाले, "असू दे, थांबतो मी." पण श्रवणयंत्र झोपतानाही काढत नाहीत.

शुक्रवारी देवमातेचा सण आहे. जेवणं झाली की मी बाबांना सगळं सांगणार आहे. काय होईल ते होवो. ओरडतील, बोलायचं टाकतील, कदाचित पुन्हा फडावर बसणार नाहीत. ते मी भोगेन. पण त्यांच्याआधी तुला कळायला हवं होतं, कारण मी चोरी तुझी केली. नजला तुझ्या हाती हे मंगळवारी देईल. शुक्रवारी आपल्या दुपारी तीनला बाबा मांडवाखाली असतील. हे ऐकल्यावर त्यांना एखादा खरा आवाज लागेल. तो चिडलेला असला तरी चालेल. शिव्या दिल्यास तरी चालेल, घत्तास. आईचीही चौकशी कर.

नाही केलास फोन, तर मी तुला दोष देणार नाही, ही मोठ्या बहिणीची शपथ. बाबांना वाटतं आहे की त्यांना माफी मिळाली. ती त्यांना अजून कोणीच दिलेली नाही. द्यायची की नाही, ते फक्त तू ठरवू शकतोस.

तुझ्या नावाने पुन्हा कधीही न बोलणारी,
तुझी
हियाम